पन्नाशीनंतरची चिडचिड आणि विसराळूपणा: सगळं खापर टेस्टोस्टेरॉनवर?

रामबागकर:
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं की पन्नाशीनंतर माणूस चिडका होतो, नावं विसरतो, कशात मन लागत नाही, हे सगळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उतरल्यामुळे, इंजेक्शन सुरू केलं की मेंदू परत पंचविशीतला. खाली धडाधड लोकांनी डॉक्टरचा नंबर मागितला. मला राहवलं नाही. वयाबरोबर लेव्हल उतरते, वर्षाला साधारण 1 टक्का, मान्य. मेंदूत या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा, आहेत, मूडशी संबंध आहे, तेही मान्य. पण भरून काढलं की स्मरणशक्ती परत येते हे कुठून आणलं? अमेरिकेत 65 च्या वरचे, लेव्हल 275 (नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर) च्या खाली असलेले 788 पुरुष घेतले, निम्म्यांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं खरं जेल, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच. मूड थोडा सुधारला, थोडाच. स्मरणशक्तीचा निकाल 2017 साली छापून आला, दोन्हीकडे सारखाच. मग 50 वर्षांच्या धडधाकट माणसाला, तपासणी न करता, इंजेक्शन घ्या म्हणून कसं सांगता?

सराफ्याचा_भिडू:
भाऊ, अभ्यास वाचून सांगणं सोपं आहे. माझा मोठा भाऊ हसणंबोलणं विसरला होता, जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा, वहिनीने वाढलेली पोळी तशीच गार व्हायची. डिप्रेशनच्या गोळ्या चालू, फरक शून्य. शेवटी एका डॉक्टरने टेस्टोस्टेरॉन तपासायला लावलं तर पार तळाला. तुमच्यासारखे लोक "वयाचं आहे, फिरायला जा" म्हणतात म्हणून अशी माणसं वर्षानुवर्षं कुढत बसतात.

रामबागकर:
तळाला का होतं, ते सांगा ना.

सराफ्याचा_भिडू:
मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर छोटी गाठ निघाली, प्रोलॅक्टिन नावाचं तिचं हार्मोन वाढलेलं. गोळ्यांनीच उतरलं, टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलं. इंजेक्शन लागलंच नाही.

रामबागकर:
मी दुसरं काय म्हणतोय? आधी कारण शोधा.

सराफ्याचा_भिडू:
पण शोधायला सुरुवात टेस्टोस्टेरॉन बघितल्यामुळेच झाली ना! तुमच्या लिहिण्याचा सूर असा की हे बघूच नका.

माळव्याची_लेक:
मला वेगळंच बोलायचंय. आमच्याकडे बाबांचा आवाज चढला की आजी म्हणायची, पुरुषाचं रक्तच गरम. म्हणजे तेव्हा हार्मोन जास्त म्हणून ओरडायचे, आणि आता कमी म्हणून ओरडतात? मग आईने कधी ओरडायचं? पाळी जाताना तिला घाम फुटायचा, रात्र रात्र झोप नसायची, तिच्यासाठी कोणी ग्रुपवर डॉक्टरचा नंबर मागितला नाही. आणि बाबांचं विसरणं निघालं बी12 चं. पक्के शाकाहारी, त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू, तिनेही बी12 उतरतं. दुकानात उधारीची वही उघडायचे आणि कुणाचं खातं काढायचंय तेच आठवायचं नाही. बी12 ची इंजेक्शनं झाल्यावर माणूस ताळ्यावर आला. ओरडणं मात्र तसंच आहे.

औषधपेटी:
मेडिकलवर रोज बघतो म्हणून सांगतो. जिमची पोरं येतात, चिठ्ठी नाही, "तेवढं द्या ना". मी देत नाही, पण कुठूनतरी मिळतंच. यांना कोणी सांगत नाही की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप बंद होतो, शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांच्या वर गेलं की थांबावं लागतं. 2023 मध्ये हृदयाचा धोका असलेल्या 5,000 च्या वर पुरुषांचा मोठा अभ्यास आला, त्यात हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं जास्त दिसलं.
आणि ती पॅकेजवाली तपासणी! दुपारी चारला पोरगा घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्टवर लाल अक्षरात "कमी", घरचे घाबरतात. हे हार्मोन सकाळी वर असतं, दुपारपर्यंत घसरतं. सकाळी 10 च्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत.

रामबागकर:
झोपेचंही लिहा. तरुण मुलांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर दिवसाची लेव्हल 10 ते 15 टक्क्यांनी उतरली, 2011 चा अभ्यास आहे. इंदूरात रात्री एकला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खायचा, दोनला रबडी, सकाळी पोहे-जलेबी, पोट सुटलेलं, आणि मग म्हणायचं हार्मोन गेलं. पोटाची चरबी या हार्मोनचं एस्ट्रोजेन करते.

सराफ्याचा_भिडू:
सराफ्यावर घसरायचं कारण नाही. तिथे उभं राहून तळणारी माणसंही आहेत, त्यातला मी एक. शटर पाडून घरी पोचेपर्यंत तीन, सकाळी पोराची स्कूलबस. तुम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना हौसेने घेऊन येता, "आमचं इंदूर बघा" म्हणून मिरवता, आणि इथे आम्हाला झोपेचे धडे देता?

रामबागकर:
तुम्हाला उद्देशून नव्हतं, खाणाऱ्यांना होतं.

सराफ्याचा_भिडू:
खाणारे आले नाहीत तर माझं घर कसं चालेल? आणि चिडचिड मलाही होते, गिऱ्हाइकावर खेकसतो, घरी मुलांवर. कोणी विचारत नाही हा झोपतो कधी.

माळव्याची_लेक:
हे पटलं. पण दादा, मुलांवर खेकसणं हार्मोनवर ढकलू नका, ते त्यांच्या लक्षात राहतं. मला राहिलंय.

सराफ्याचा_भिडू:
ढकलत नाहीये, ताई. तपासायचं म्हणतोय. पण सकाळी 10 च्या आत म्हणजे माझी तर अर्धी रात्र.

औषधपेटी:
रात्री जागणाऱ्यांनी घड्याळ बघायचं नाही, आपली मोठी झोप झाली की उठल्यावर दोन-तीन तासांत रक्त द्यायचं. लॅबवाल्याला तसं सांगा, नाहीतर तो तुमच्या अर्ध्या झोपेतून उठवेल.

रामबागकर:
ठीक आहे, तपासा. तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा मान्य. पण कमी आलं म्हणून लगेच इंजेक्शन नको, एलएच (वृषणांना निरोप देणारं पिट्युटरीचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन करून घ्या, भावाचं उदाहरण तुमच्या घरातच आहे.

सराफ्याचा_भिडू:
ते मला तुमच्या आधी कळलंय.

माळव्याची_लेक:
थायरॉइड आणि बी12 पण त्याच रक्तात करायला सांगा, परत टोचून घ्यायला नको. आणि वहिनींचंही करून घ्या, त्याही तीनपर्यंत जाग्याच असतील.