मदत हवी आहे: द्राक्षाच्या एकाच काडीवर मोठे मणी, गुणसूत्रं दुप्पट झाली असतील का?

नमस्कार मंडळी,

नान्नजजवळ (सोलापूर) आमची थॉमसनची (बिनबियांच्या द्राक्षाची) बाग आहे, डॉगरिज खुंटावर (मुळाकडच्या जातीवर) कलम केलेली. एका वेलाच्या ओलांड्यावर (तारेवर आडव्या नेलेल्या फांदीवर) टोकाची काडी वेगळीच दिसते. पेरं आखूड आणि जाड, पान जाडसर नि गडद, मणी गोल आणि शेजारच्या घडापेक्षा ठळक मोठे. जीए (मणी वाढवणारं जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक) सगळ्या बागेला सारखंच दिलं होतं, त्यामुळे संजीवकाचा परिणाम म्हणता येत नाही. मागच्या हंगामातही तिथंच असे घड धरले होते.

साध्या द्राक्षात ३८ गुणसूत्रं असतात, इथे ७६ झाली असावीत असं वाटतं. जपानची १९३७ची क्योहो ही द्राक्षाची जात ७६ गुणसूत्रांचीच आणि तिचे दोन्ही पालक अशाच फांदीबदलातून (एखाद्याच फांदीत आपोआप झालेल्या बदलातून) मिळालेले. आपली सोनाका जातही थॉमसनमधूनच निघाली, तीही नान्नजलाच. म्हणून ही काडी हातची जाऊ द्यायची नाही.

मुळाची टोकं अ‍ॅसिटोकारमाइनने रंगवून गुणसूत्रं मोजायला कॉलेजात शिकलो आहे. पण अडचण थरांची आहे. पानावरची रंध्रं शेंड्याच्या बाहेरच्या थरातून येतात, पराग दुसऱ्या थरातून आणि छाट कलमाला फुटणारी मुळं आतल्या थरातून. फक्त दुसरा थर दुप्पट झाला असेल तर मुळात ३८ दिसतील आणि परागात मात्र बदल असेल. मग रंध्रांची लांबी, परागकणांचा आकार आणि मुळं असं तिन्ही तपासावं का? कुणी प्रत्यक्ष केलंय?

पुढचा विचार संकराचा. थॉमसनमध्ये भ्रूण मध्येच खुडतो, म्हणून ही काडी मादी म्हणून घेणं अवघड. अनाब-ए-शाहीसारख्या बियाच्या जातीची फुलं टोपी (पाकळ्यांचं झाकण) पडण्याआधी नपुंसक करून (पुंकेसर काढून) हिचे पराग द्यायचे. बीजांडातली १९ आणि परागातली ३८ मिळून ५७. अशा रोपात जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे बी धरणं अवघड, आणि मला तेच हवंय. पण अशा संकरात बी भरत नाही, कोवळा भ्रूण काढून टिश्यू कल्चरमध्ये वाढवावा लागतो असं वाचलं. परागीभवनानंतर साधारण कितव्या आठवड्यात मणी काढावेत? बाहेरच्या शेतकऱ्याचं असं काम करून देणारी प्रयोगशाळा पुणे-सोलापूर भागात माहीत असेल तर कृपया सांगा.

सगळ्यात घाईचं म्हणजे, खरड छाटणी (फळं काढल्यावर काड्या अगदी आखूड कापायची छाटणी) तोंडावर आली आहे. ही काडी इतरांसारखी एका डोळ्यावर घ्यावी, की लांब राखून तिच्या काड्या आत्ताच पिशवीत लावाव्यात? वडील छाटणी थांबवायला तयार आहेत, पण फार दिवस नाही.