कार्बनच्या पट्टीतला बोल्ट काठाकडे फाडून निघतो. कडेचं अंतर वाढवून भागेल का?

अंबड_फिक्स्चर
४ मिमी जाड कार्बन-इपॉक्सी पट्टी झिंक-प्लेटेड स्टील ब्रॅकेटला एका एम६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टने जोडली आहे. रुंदी ३६ मिमी, भोकाच्या मध्यापासून काठ १२ मिमी. थर १६: त्यातले १२ ओढीच्या दिशेत (०°), ४ ±४५°. ६ किलोन्यूटनच्या आसपास बोल्टच्या रुंदीचा तुकडा सरळ काठाकडे सरकून बाहेर आला. बोल्ट ठणठणीत. काठ २५ मिमी करू, की मागे अजून एक बोल्ट टाकू?

ओझरकर
हा शिअर-आउट, म्हणजे बोल्टपुढचा तुकडा काठाकडे कातरून निघणं. नुसता काठ वाढवून फारसं हाती लागणार नाही. ०° तंतूंना आडवं धरून ठेवणारं तुमच्याकडे जवळपास काही नाही. फट रेझिनमधून (तंतूंना जोडणाऱ्या इपॉक्सीतून) तंतूंच्या कडेने धावते. काठ लांब केला की तीही तेवढीच लांब धावते.

आधी ले-अप, म्हणजे थरांच्या दिशा आणि क्रम, बदला: ४ थर ०°, ८ थर ±४५°, ४ थर ९०°, जाडीच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे. एकाच दिशेचे थर एकावर एक रचत जाऊ नका. पट्टीच्या ताठपणासाठी ०° जास्त हवेच असतील तर फक्त जोडापाशी ±४५° आणि ९०° चे जादा थर द्या, आणि ते पायऱ्यांनी संपवा. मग काठ व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १८ मिमी, घ्या. रुंदी सहापट आहे, ती ठीक. ती कमी केलीत तर पट्टी भोकातून आडवी तुटेल, तीही काही सूचना न देता.

आपल्याला हवं ते बेअरिंग फेल्युअर: भोक हळूहळू लांबट होतं, आधी कळतं. तुमच्या भाराला भोकाच्या भिंतीवरचा ताण ६०००/(६×४) = २५० मेगापास्कल.

सातपूर_ड्रिल
दुसऱ्या बोल्टने ताकद दुप्पट होत नाही. धातू थोडा दबतो आणि भार वाटून घेतो. कार्बन दबत नाही. ज्या बोल्टच्या भोकात मोकळी जागा कमी, तो आधी सगळा भार खातो. त्यामुळे भोकं ब्रॅकेटसकट एकत्रच पाडा, मापात.

पट्टीच्या मागे लाकडी फळी घट्ट क्लॅम्प करा, कार्बाइड ड्रिल वापरा, ड्रिल बाहेर पडताना फीड (पुढे ढकलण्याचा वेग) एकदम कमी. नाहीतर शेवटचे थर सोलले जातात आणि जोड तिथूनच ढिला पडतो.

अंबड_फिक्स्चर
वॉशर नाहीत. बोल्ट पूर्ण आट्यांचा आहे. चालेल?

ओझरकर
नाही. आटे भोकाच्या भिंतीला करवतीसारखे खातात. अर्धवट आट्यांचा, गुळगुळीत दांड्याचा घ्या. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर द्या, कारण भोकाभोवतीचा दाबच थरांना फुगू देत नाही. मात्र इपॉक्सी कालांतराने सरकते आणि बोल्टचा ताण उतरतो, म्हणून त्या दाबाच्या भरवशावर डिझाइन करू नका. काउंटरसंक (पट्टीत बुडणारं) डोकं लागलंच तर त्याची खोली जाडीच्या दोन-तृतीयांशाच्या आत ठेवा.

झिंकचं काय, तर कार्बनला टेकलेलं झिंक पावसाळ्यात आधी जातं, मग स्टील गंजतं. स्टेनलेस बोल्ट वापरा आणि ब्रॅकेट व पट्टीच्या मध्ये काचतंतूचा एक थर घाला, म्हणजे धातू कार्बनला टेकणार नाही.

सातपूर_ड्रिल
ॲल्युमिनियम ब्रॅकेटचा विचार असेल तर तो थर दुप्पट गरजेचा. ॲल्युमिनियम कार्बनपाशी स्टीलपेक्षाही लवकर खाल्लं जातं.