उत्तर: व्हॉल्व्ह ड्रिलला लावून घासावेत का?

वर कोणीतरी मारुती ८०० च्या हेडचे (इंजिनाच्या सिलिंडरवरच्या झाकणाचे) व्हॉल्व्ह ड्रिल मशीनला लावून घासायचं सुचवलंय. तसं करू नका. एकाच दिशेने वेगात फिरल्यामुळे सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावर) गोल चरे पडतात. व्हॉल्व्हला चिकटणारी रबरी चोखणी लावलेली काठी दोन तळहातांत धरून रवी घुसळल्यासारखी उलटसुलट फिरवा आणि मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवा. घासायची पेस्ट आधी जाड कणांची, मग बारीक. करड्या रंगाचा सलग पट्टा उमटला की थांबा. त्याची रुंदी १.३ ते १.५ मिमी असावी. पट्टा तुटक येत असेल तर घासत बसू नका, सीट ४५ अंशात कापून घ्यावी लागेल. पण त्याआधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) तपासा: गाइड सैल असेल तर ही सगळी मेहनत फुकट.

हेडच्या तळाला सरळपट्टी आडवी, उभी, तिरपी लावून ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मधे सरकवून पाहा. शिरलं तर हेड वर्कशॉपमध्ये फेसिंगला (तळ मशीनवर सपाट करायला) द्या. घरीच काचेवर सँडपेपर ठेवून हेड घासलं की कडा हमखास जास्त झिजतात.

पेस्टचा कण न कण रॉकेलने धुऊन काढल्यावरच व्हॉल्व्हच्या दांडीवरचे नवे ऑइल सील (तेल आत जाऊ न देणारी रबरी टोपणं) बसवा.