मदत हवी आहे: ८ मिमी बोअरमधला (भोकातला) बर्र, म्हणजे कडेला राहिलेलं धातूचं कुसळ, बघायला रिजिड बोअरस्कोप (भोकात घालून बघायची ताठ दुर्बीण), बघायचा कोन ७० अंशाचा की ९० चा?

मंडळी, साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक जुना लेथ. हायड्रॉलिकचे मॅनिफोल्ड ब्लॉक (आत तेलासाठी भोकं पाडलेले धातूचे ठोकळे) जॉबवर्कवर करतो. गेल्या महिन्यात एका कस्टमरने ४० ब्लॉकची अख्खी लॉट परत पाठवली. कारण, क्रॉस होलच्या (आडव्या भोकाच्या) तोंडाशी राहिलेला बर्र. तो सुटून तेलाबरोबर वाहत गेला की व्हॉल्वचा स्पूल (आत सरकणारा दांडा) जाम होतो, म्हणजे त्यांचंही खोटं नाही. आम्ही टॉर्च मारायचो आणि टोकाला वाकवलेली तार आत फिरवायचो. अडकली की बर्र. आता त्यांना प्रत्येक क्रॉस होलचा फोटो हवाय. तारेचा फोटो कसा काढणार!

मापं अशी: मुख्य बोअर ८ मिमी, १६० मिमी खोल, ब्लाइंड (दुसरं टोक बंद). त्याला ६ मिमीची दोन भोकं आडवी येऊन मिळतात, ५५ आणि १२० मिमीवर.

ऑनलाइन मिळतो तो साडेपाच मिमीचा यूएसबी कॅमेरा आणून झाला. तळ ठीक दिसतो. बाजूचं बघायला आरशाची टोपी चढवली तर ती भोकात घासते, आणि फोकस ३ ते ८ सेंटिमीटरचा. भिंत टोपीला जवळजवळ चिकटलेली. पावसाळ्यात लोकलच्या बंद खिडकीतून कुर्ला दिसावं तसं सगळं दिसतं.

म्हणून रिजिड घ्यायचं ठरतंय. बजेट एकाच स्कोपचं. ४ मिमी जाडीचा मनात आहे. ७० घेऊ की ९०? आणि हॉस्पिटलचा वापरलेला स्कोप चालेल का?

प्रतिसाद १

दादा, अंशाच्या आधी जाडीचं बघा. ८ च्या बोअरमध्ये ४ चा स्कोप एका भिंतीला टेकवला तरी समोरची भिंत ४ मिमीवरच. फील्ड ऑफ व्ह्यू (स्कोपला एका वेळी दिसणारा कोन) ६० अंश धरला तर त्या अंतरावर साधारण साडेचार मिमीचा गोल दिसतो. तुमचं भोक ६ चं, म्हणजे कडा एका फोटोत मावणार नाही. २.७ मिमीचा घेतलात तर अंतर ५.३ होतं आणि ६ मिमी जेमतेम मावतं. पण बारीक स्कोपमधून उजेड कमी येतो आणि तो लगेच वाकतो. नळी जरा वाकली की आतल्या काचेच्या दांड्या तडकतात, मग चित्रात काळी चंद्रकोर. गाळ्यात दोन-तीन पोरं हाताळणार असतील तर मी ४ चाच घेईन आणि थोडा फिरवून दोन फोटो काढीन.

अंशाचं म्हणाल तर ९० वाला भोकाच्या तोंडात सरळ बघतो, ७० वाला तिरका पुढे. बोअरमध्ये उभा राहिलेला बर्र तिरक्या नजरेला जास्त चटकन सापडतो. माझं मत ७०.

लेथवर नायलॉनचा बुश (स्कोप धरणारी छोटी नळी) काढा, बाहेरून ८ ला बसणारा, आतलं भोक मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं. स्कोप आपोआप लांबच्या भिंतीला राहतो आणि धारेवर घासत नाही.

प्रतिसाद २

हॉस्पिटलचं सांगतो, दुरुस्तीच्या धंद्यात आहे. नाकाचा सायनुस्कोप ४ मिमी, साधारण १७५ लांब, ७० अंशातही येतो. तुमच्या १२० ला बुशसकट पुरेल. ९० मात्र तिथे क्वचितच मिळतो. आयपीस (डोळा लावायचं टोक) ३२ मिमीचा असतो, त्यावर कॅमेऱ्याचा कपलर किंवा मोबाइलचा अडॅप्टर बसतो. लाइट केबलचं टोक मात्र कंपनीगणिक वेगळं, अडॅप्टर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घेताना स्कोप पांढऱ्या कागदावर धरून डोळा लावा, पूर्ण गोल स्वच्छ हवा.

धागाकर्ता

काका, जाडीचा हिशोब डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. ब्लॉक अॅल्युमिनियमचे आहेत, भिंत आरशासारखी चमकते. फोटोत नुसता पांढरा डाग येईल का?

प्रतिसाद १

येईल. उजेड कमी-जास्त करता येणारा एलईडी सोर्सच घ्या आणि मोबाइलचं एक्स्पोजर हाताने खाली आणा. आत कूलंटचा थेंब राहिला तर तोही बर्रसारखाच चमकतो, तेव्हा आधी हवा मारा. चिप (धातूचा कीस) राहिली तर पुढच्या काचेवर ओरखडा ठरलेला.

धागाकर्ता

ठीक. शनिवारी परत आलेल्यातला एक ब्लॉक पिशवीत घालून नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात, जातो. २.७ आणि ४, दोन्ही त्याच भोकात घालून दाखव म्हणणार. फोटो इथेच टाकतो.