विदेशी टीमसोबत काम: आपलं ‘हो’ त्यांना काहून कळत नाही?

सातबारा_कोरा
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सेंद्रिय कापसाचं काम. या खरिपापासून नेदरलँड्स आणि जर्मनीची माणसं थेट आमच्या फील्डवरच्या पोरांसोबत काम करणार. दर मंगळवारी व्हिडिओ कॉल, महिन्याला अहवाल, नोव्हेंबरात वेचणीच्या वेळी भेट. पोरं हुशार आहेत, इंग्रजी जेमतेम. पण भाषेपेक्षा वागणुकीची धास्ती जास्त आहे. ‘ते लोक तोंडावर अपमान करतात’ असं इकडे बोलतात, ‘हे लोक हो म्हणतात आन् करत नाहीत’ असं तिकडे. पोरायले नेमकं काय शिकवावं? ‘वेळ पाळा, आदर ठेवा’ असं मोघम नको.

धुऱ्यावरचा
आधी ‘हो’ धरा. फोनवर समोरचा बोलत असला की दर दोन वाक्यांमागे आपण ‘हौ जी, हौ’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘ऐकून राहिलो’, बस एवढाच. तो माणूस तेच ‘येस, येस’ ऐकतो आणि लिहून ठेवतो: यादी शुक्रवारी मिळणार. शुक्रवारी यादी गेली नाही की त्याच्या लेखी तुम्ही शब्द मोडला. ‘पाहतो’, ‘होऊन जाईन’ यांचंही तेच. आपल्या माणसाला यातला नकार बरोबर समजते. ‘वुई विल ट्राय’ ऐकून त्यांना मात्र काम सुरू झालं असं वाटते.

उपाय सोपा आहे, फक्त दर वेळी करावा लागते. कॉलची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. आपल्या पोरानंच वाचून दाखवावं: काम कोणतं, कोण करणार, किती, कधी. ‘२१२ पैकी १५० शेतकऱ्यांची यादी शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत, उरलेली ६२ पुढच्या बुधवारी’ असं. अर्ध्या तासात हेच ईमेलनं टाका.

खरी गोम वेगळी आहे. काम अडलं तरी ते सायबाच्या कानावर घालायला आपला माणूस कचरतो. आधी निस्तरून घेऊ, मग सांगू, असं म्हणता म्हणता मुदत उलटते. नाल्याला पूर आला, चार गावं राहिली, हे कारण त्यांना चालते. मुदतीच्या दिवशी सांगितलेलं चालत नाही. दोन दिवस आधी कळवा आणि सोबत नवी तारीख द्या.

तुरीची_शेंग
‘तोंडावर बोलतात’ याबद्दल. डच माणूस सगळ्यांसमोर म्हणेल, ‘हा तक्ता चुकला आहे, परत करा’, आणि पुढच्या मिनिटाला पावसापाण्याचं विचारेल. त्यानं तक्त्याला नावं ठेवली, तुम्हाला नाही. स्वतःच्या बॉसशीही तो असाच बोलतो, ते भांडण समजू नका. इंग्रज याच्या उलट: तो नुसतं ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला तर काम पुन्हा तपासून घ्या. अमेरिकन आधी ‘ग्रेट जॉब’ म्हणेल, खरी गोष्ट त्याच्या ‘बट’नंतर येते. तेव्हा सगळ्या गोऱ्यांची एकच मोट बांधू नका. जर्मन माणसाला पहिल्या पत्रात आडनावानं लिहिलेलं बरं. डच पहिल्याच पत्राखाली नुसतं नाव लिहितो, मग तुम्हीही नावानंच लिहा, ‘सर’ लावायची गरज नाही.

गेर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकानं आयबीएमच्या देशोदेशीच्या नोकरदारांच्या उत्तरांवरून ‘सत्ता-अंतर’ मोजायला सुरुवात केली, म्हणजे साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातली उतरंड लोक किती मान्य करतात ते; आकडा मोठा तितकी उतरंड जास्त. त्या मोजपट्टीवर भारत ७७, नेदरलँड्स ३८, जर्मनी ३५. हे ऑफिसातल्या लोकांचे आकडे, धुऱ्यावरचे नव्हेत, म्हणून फार डोक्यावर घेऊ नका. पण सीसीच्या (ईमेलची प्रत तिसऱ्याला पाठवण्याच्या) बाबतीत फरक लगेच दिसते. आपण साहेबांना सीसीत ठेवतो ते मान म्हणून, आणि उद्या अंगावर येऊ नये म्हणूनही. तिकडे मधूनच साहेबाला आत घेतलं की ‘माझी तक्रार वर केली’ असा अर्थ निघतो. ठेवायचं तर पहिल्या पत्रापासून ठेवा.

आणि ‘आय हॅव अ डाउट’ बंद करा. आपल्याला शंका विचारायची असते, त्यांना अविश्वास वाटतो. ‘क्वेश्चन’ म्हणा.

गठाण_१७०
तुम्ही स्वभावात अडकले, भांडणं मात्र आकड्यांवरून होतात. डच-जर्मन माणसानं १.२५० लिहिलं तर ते साडेबाराशे असतात, सव्वा नव्हे. त्यांचा दशांश स्वल्पविरामानं लिहितात. लाख-कोटी त्यांना कळत नाही. क्विंटल लिहू नका, किलो लिहा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते, शेतकरी एकर सांगते (४० आर म्हणजे एक एकर धरा), म्हणून तक्त्यात एकच रकाना हेक्टरचा ठेवा. आपली कापसाची गठाण १७० किलोची, अमेरिकन गठाण ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलो. १०० गठाणींत पावणेपाच टनांवर फरक! तारखेत महिना अक्षरात लिहा.

कॉलची वेळही अशीच घोळ करते. त्यांचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही. त्यानंतरचे दोन मंगळवार कॅलेंडरात आधीच खुणा करून ठेवा.

निंबोळी_पाच_टक्के
भेटीचं कोणी बोललं नाही, अन् गडबड तर तिथंच होते, तीही एका शब्दानं. पंपातून जे जाईल त्याला आपला शेतकरी ‘औषध’ म्हणते, मग तो झाडपाल्याचा दशपर्णी अर्क का असेना. दुभाष्यानं त्याचं सरळ ‘पेस्टिसाइड’ केलं की पाहुण्याचा पेन थांबलाच समजा. दुभाष्याला सांगून ठेवा: ‘औषध’ ऐकलं की आधी शेतकऱ्याला कोणतं, किती, कसं केलं ते विचार. ‘५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवली, गाळून १०० लिटर पाणी केलं’ एवढं पूर्ण उतरलं पाहिजे.

प्रश्नही नीट विचारा. ‘रासायनिक नाही न मारलं भाऊ?’ याला उत्तर ‘नाही जी’च येणार. खरं असलं तरी तपासणाऱ्याच्या कामाचं नाही. ‘पाती (कपाशीच्या कळ्या) लागताना पंपात काय टाकलं? पावती आहे का?’ असं विचारा. त्या वेळी फील्डचा साहेब समोर उभा नको. शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहून बोलते.

चहाचं आधीच ठरवा. आपण तीनदा आग्रह करतो, त्यांचा पहिला ‘नो’ खराच असतो. सहा घरी जायचं असेल तर चहा पहिल्या घरी, जेवण एका घरी, हे शेतकऱ्यांनाही सांगा अन् पाहुण्यांनाही. मग कोणाचं मन दुखत नाही.

सातबारा_कोरा
लय कामाचं सांगितलं. एक राहिलं: डिसेंबरात त्यांच्या सुट्ट्या आणि आपल्या वेचण्या जोरात. तेव्हा काही अडलं तर?

धुऱ्यावरचा
ज्यावर त्यांची सही लागते ते सगळं १५ डिसेंबरच्या आत पाठवा. सुट्टीत आपोआप जे उत्तर येते त्यात बहुधा बदली माणसाचं नाव असते, ते वाचा. सुट्टीवरच्याला व्हॉट्सअॅपवर गाठू नका. तसंच पोळा, तान्हा पोळा, दसरा, दिवाळीच्या तारखा जूनमध्येच कळवून टाका, तिथीमुळे दरवर्षी सरकतात हेही लिहा. नाहीतर पोळ्याच्या दिवशी तपासणी लावतील, आन् शेतात ना बैल सापडणार ना माणूस.