मदत हवी आहे: पेट्रोल लीफ ब्लोअरवर निर्बंधांचा मसुदा आलाय, एचओएने काय लिहून द्यावं?

कोपऱ्यावरचं_घर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपने पेट्रोलवरच्या लीफ ब्लोअरवर (पाचोळा हवेने उडवायचं मशीन) निर्बंध आणायचा मसुदा काढलाय. १५ मे ते ३० सप्टेंबर वापर पूर्ण बंद, एरवी सकाळी ८ ते संध्याकाळी ५. आवाजाची मर्यादा ६५ डेसिबल. मोअर, ट्रिमर या गवत कापायच्या मशीनना हात लावलेला नाही. आमच्या एचओएला (म्हणजे घरमालकांची संघटना; ४८ टाउनहाउस, साधारण दोन एकर गवत, शिवाय पायवाटा आणि पार्किंग) लेखी मत द्यायचंय आणि कमिटीत दोन तट पडलेत. एकांना बंदी बाराही महिने हवी. दुसऱ्यांचं म्हणणं, हे सगळं फॅड आहे, काँट्रॅक्टर दर वाढवणार आणि मेंटेनन्स आपल्या बोकांडी बसणार.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) प्रदूषणात ‘अर्धा तास ब्लोअर म्हणजे चार हजार मैल ट्रक’ हे खरं का? पत्रात घालावं का?
२) आमच्याएवढ्या जागेचं काम बॅटरीवर निघतं का? किती बॅटऱ्या लागतील?
३) मसुद्यात काय बदल सुचवावेत?

‘पर्यावरण वाचवा’ छापाचे सल्ले नकोत, हिशेब हवाय.

तेलपाणी

आकडा खरा आहे, पण लोक तो अर्धवट सांगतात आणि मग सभेत तोंडघशी पडतात.

एडमंड्स या गाड्यांची परीक्षणं करणाऱ्या साइटने २०११ मध्ये टू-स्ट्रोक ब्लोअर आणि फोर्ड एफ-१५० रॅप्टर हा पिकअप ट्रक यांची तुलना केली होती. अर्ध्या तासाच्या ब्लोअरमधून जेवढे हायड्रोकार्बन निघाले, तेवढे निघायला रॅप्टर ३,८८७ मैल चालवावा लागेल, असा तो निष्कर्ष. फक्त हायड्रोकार्बन. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची (कार्ब) तुलनाही अशीच आहे: व्यावसायिक ब्लोअर एक तास म्हणजे टोयोटा कॅमरी लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत, सुमारे १,१०० मैल. तीही धुरकं बनवणाऱ्या प्रदूषकांपुरती. कार्बन डायऑक्साइडला हे लागू नाही. साधा विचार करा, ब्लोअर तासाला अर्धा गॅलनच्या आसपास पेट्रोल पितो आणि कॅमरीला १,१०० मैलांना तीस-पस्तीस गॅलन लागतं. पत्रात ‘हवामानबदल’ लिहिलंत तर विरोधक एवढा गुणाकार करून तुमचं पत्र बाजूला ठेवतील. ‘धुरकं, बेंझिन, सूक्ष्म कण, आवाज’ लिहा.

एवढा फरक का, हे ज्यांनी चेतक किंवा लुना चालवलीय त्यांना सांगायला नको. टू-स्ट्रोकला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. हल्लीच्या मशीनना ५० ला १, म्हणजे गॅलनला २.६ औंस, लिटरला २० मिलि. शिवाय इंजिनात झडपा नाहीत. जळलेला वायू बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं, आणि ढकलता ढकलता त्यातलं बरंचसं स्वतःच न जळता सायलेन्सरमधून निघून जातं. जुन्या मशीनमध्ये हे प्रमाण पाव ते एक तृतीयांशापर्यंत असतं. ब्लोअरमागे येणारा तो गोडसर वास म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल इंजेक्शन असा सगळा लवाजमा असतो. पाठीवरच्या दहा किलोच्या मशीनला त्यातलं जेमतेम काही.

म्हणून मसुद्यात मोअर वगळलाय ते योग्यच आहे. मोअर फोर-स्ट्रोक असतो. तो स्वच्छ नाही, पण टू-स्ट्रोक ब्लोअरच्या पंक्तीत त्याला बसवू नये. हायड्रोकार्बनच्या हिशेबात सगळ्यात कमी त्रासात सगळ्यात जास्त फायदा टू-स्ट्रोक ब्लोअर हटवण्यातच आहे.

अँपिअर_आजोबा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे.

आधी डब्यावरच्या आकड्यांना फसू नका. ‘५६ व्होल्ट’ हा पूर्ण चार्जला असणारा व्होल्टेज. आत १४ सेल ओळीने असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट सरासरी, म्हणजे खरे ५०. त्यामुळे ५ अँपिअर-तासाची बॅटरी २८० नव्हे, २५० वॉट-तासांची धरा. हातातला ब्लोअर टर्बोवर हजार वॉटच्या आसपास खेचतो, म्हणजे १५ मिनिटांत बॅटरी गार. जाहिरातीतली ‘७५ मिनिटं’ सगळ्यात मंद वेगावरची.

आता तुमचा उन्हाळा. मे ते सप्टेंबर पाचोळा नसतोच. कापलेलं गवत पायवाटेवरून सारायचं, एवढंच काम. दोन माणसं, प्रत्येकी ४० मिनिटं, सरासरी ५०० वॉट धरले तर माणशी ३३० वॉट-तास. माणशी दोन बॅटऱ्या, वर एक राखीव. एकूण पाच. हे सहज जमतं, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

नोव्हेंबर मात्र वेगळा प्राणी आहे. ओक आणि मेपलचा ओला पाचोळा, तीन-तीन तास सलग, तोही पूर्ण जोरावर. एका मशीनला ३,००० वॉट-तास, म्हणजे त्याच बॅटऱ्या बारा! पाठीवर घ्यायची दीड किलोवॉट-तासाची बॅटरी मिळते. तशा दोन लागतील आणि वजन, किंमत दोन्ही वाढेल. ओला थर हवेने उचलला जातच नाही, वरचा उडतो आणि खालचा चिकटून बसतो. माणूस ट्रिगर दाबूनच ठेवतो आणि बॅटरी तापून मध्येच बंद पडते. मग म्हणतात, बॅटरीत दम नाही. दंताळ्याने थर आधी मोकळा करून घेतला की तेच मशीन काम करतं.

याहून चांगलं म्हणजे पाचोळा उचलूच नका. मोअरला मल्चिंग ब्लेड लावा, पाचोळा कोरडा असताना आणि खालचं निम्मं तरी गवत दिसत असतानाच फिरवा, बारीक चुरा गवतातच मुरतो. थर जाड होऊ दिलात तर चुरा गवतावर बसून ते पिवळं पडतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये आठवड्याला एक फेरी, नोव्हेंबरअखेर एकदाच सगळं नको. करारात ही ओळ घाला. ब्लोअरचं निम्मं काम इथेच संपतं.

मसुदावाली

तिसरा प्रश्न. मुद्दे सुटे सुटे लिहिते, क्रम महत्त्वाचा नाही.

टाउनशिप ‘वापर’ नियंत्रित करू शकते, ‘इंजिन’ नाही. नव्या इंजिनांची उत्सर्जन-मानकं हा फेडरल क्लीन एअर ॲक्टचा प्रांत आहे, त्यात वेगळी मानकं लावायला कॅलिफोर्नियालाही ईपीएची (फेडरल पर्यावरण खात्याची) संमती लागते. कधी वापरायचं, कुठे वापरायचं, हे मात्र गावाच्या हातात. तेव्हा ‘अमुक ग्रॅमपेक्षा जास्त धूर सोडणारं मशीन’ अशी भाषा कोणी सुचवली तर काढायला लावा.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण सगळे देतात आणि बहुतेक चुकीचं देतात. २०२१ च्या एबी १३४६ कायद्यातून आलेला नियम २०२४ च्या मॉडेलपासून पुढच्या *नव्या* छोट्या इंजिनांना लागू आहे. हातात असलेलं जुनं मशीन वापरायला राज्याची आडकाठी नाही. वापरावरची बंदी तिथे शहरांची आहे आणि जुनी आहे. कार्मेलने १९७५ मध्येच ब्लोअर बंद केले, तेव्हा कारण धूर नव्हे, आवाज होता. लॉस एंजेलिसने १९९८ मध्ये घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोल ब्लोअर बंद केले, आणि आजही तिथे ते सर्रास ऐकू येतात. कायदा आहे, पकडायला कोणी नाही. तुमचा मसुदा याच खड्ड्यात पडू नये.

वॉशिंग्टन डीसीने थोडं शहाणपण दाखवलं. कायदा २०१८ चा, अंमल १ जानेवारी २०२२ पासून, मध्ये तीनेक वर्षं तयारीला. विक्री आणि वापर दोन्ही बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत. पोर्टलंडचा (ओरेगनमधलं) मार्ग तुमच्या मसुद्याला जवळचा: २०२६ पासून पेट्रोल ब्लोअर फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर, २०२८ पासून पूर्ण बंद. आजोबांनी वर नोव्हेंबरचा हिशेब दिलाय, त्याचंच हे कायद्यातलं रूप. तुमच्या ‘बाराही महिने’ गटाला हे दाखवा.

६५ डेसिबलची अट काढायला सांगा. डब्यावरचा आकडा ५० फुटांवरून मोजलेला असतो. टाउनहाउसची खिडकी २५ फुटांवर, म्हणजे तिथे सहा जास्त. दोन सारखी मशीन एकत्र चालली की आणखी तीन. ६५ चं मशीन खिडकीशी ७४ होतं. मग कुठून मोजायचं? कॅलिब्रेट केलेलं मीटर घेऊन अधिकारी येईपर्यंत मशीन ट्रकमध्ये चढलेलं असतं. ‘पेट्रोलचं की बॅटरीचं’ हे फोटोत दिसतं, डेसिबल दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दंड कोणाला? मसुद्यात ‘वापरणारी व्यक्ती’ असेल तर तो तासाच्या मजुरीवर आलेल्या माणसाच्या माथी बसेल, ज्याला मशीन निवडायचा अधिकारच नाही. ‘जागेचा मालक किंवा व्यवस्थापन, आणि काँट्रॅक्ट घेणारी कंपनी’ असं लिहायला लावा. एचओए म्हणून हे तुमच्याच विरुद्ध जातं, ठाऊक आहे. तरी लिहा.

रोखठोक

मुद्दे ठीक आहेत, पण पैशाचं कोणी बोलत नाही. पेट्रोलचा बॅकपॅक ब्लोअर पाच-सहाशे डॉलरला येतो. त्याच ताकदीचा बॅटरीचा, बॅटऱ्या-चार्जर धरून, दोन हजारांच्या पुढे. चार माणसांचा छोटा काँट्रॅक्टर हे एका हंगामात कुठून आणणार? पेट्रोल आणि कार्ब्युरेटरचा खर्च वाचतो हे खरं, पण तो वर्षभरात थेंबाथेंबाने, आणि खरेदीचं बिल आज. शहराने निर्बंध आणावेत याला माझी ना नाही, मात्र सोबत सवलत हवी. कोलोरॅडोने २०२४ मध्ये इलेक्ट्रिक बागकामाच्या मशीनवर दुकानातच ३० टक्के सूट सुरू केली. तसं काही टाउनशिप देणार का, हा प्रश्न पत्रात हवाच. आणि टेक्सास, जॉर्जियाकडेही बघा, दोन्ही राज्यांनी २०२३ मध्ये कायदे करून शहरांचा हा अधिकारच काढून घेतला. लोकांना अंगावर आल्यासारखं वाटलं की असं होतं.

मसुदावाली

@रोखठोक, सवलतीबद्दल अनुमोदन. पण उन्हाळ्यापुरत्या निर्बंधाला बॅकपॅक लागतच नाही, हातातल्या ब्लोअरच्या पाच बॅटऱ्यांत भागतं. दोन हजारांचा आकडा नोव्हेंबरचा आहे आणि मसुदा नोव्हेंबरला हात लावत नाही.

बाणेरवाला

थोडं अवांतर: इथे पुण्यात सोसायट्यांमध्ये ब्लोअर नाही, खराटा आहे. पण गवत कापायचा ब्रश कटर तोच टू-स्ट्रोक, तोच वास. आपल्याकडे यावर काही नियम?

तेलपाणी

ब्रश कटर म्हणून वेगळा नियम लावायचा तर सोसायटीनेच करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहेत, त्याचा आधार घेता येईल. आणि माळ्याला मिश्रण मापाने करायला सांगा, अंदाजपंचे ऑइल ओतलं की धूर दुप्पट आणि स्पार्क प्लग काळा. वेगळा धागा काढा, बोलू.

कोपऱ्यावरचं_घर

मंडळी, कमाल केलीत. पत्राचा सांगाडा असा: उन्हाळ्याच्या बंदीला पाठिंबा, डेसिबलची अट वगळा, दंड मालक आणि कंपनीला, सवलत द्या, पाचोळ्याचे महिने दोन वर्षांनी पुन्हा तपासा. हवामानाचा उल्लेख काढला.

एकच राहिलं. काँट्रॅक्टर म्हणतो, चार्जिंग तुमच्या क्लबहाउसच्या गराजमध्ये करू द्या. तिथे एकच १५ अँपिअरचं सर्किट आहे. चालेल?

अँपिअर_आजोबा

दोन चार्जर चालतील, तीन नाही. १५ अँपिअरच्या सर्किटवर सलग भार ८० टक्के, म्हणजे १२ अँपिअर, १२० व्होल्टला १,४४० वॉट. जलद चार्जर ७०० वॉटचा धरला तर दोनातच सर्किट भरलं. त्यावर गराजचं दार उघडणारी मोटर किंवा जुना फ्रीज असेल तर तेही मोजा, नाहीतर ब्रेकर उडेल आणि सकाळी बॅटऱ्या रिकाम्या सापडतील. एक्स्टेंशन कॉर्ड वापरू देऊ नका. पाच बॅटऱ्या दोन चार्जरवर रात्रीतून होणार नाहीत, कारण जागून बदलायला कोणी नसतं. एकापाठोपाठ एक भरणारा चार-सहा खाचांचा चार्जर मिळतो, तो मागा.

काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच लावली तर चार्जर आधी ती थंड होण्याची वाट बघतो, तो बिघाड नव्हे. हिवाळ्यात गराज ३२ फॅरनहाइटच्या खाली जात असेल तर तिथे चार्ज करू नका. गोठणबिंदूखाली सेलमध्ये लिथियमचा थर साचतो आणि ती क्षमता परत येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत घरात, निम्म्या चार्जवर ठेवा. आणि पडलेली, फुगलेली बॅटरी कितीही चालू दिसली तरी गराजमध्ये ठेवू द्यायची नाही, हे करारातच लिहून घ्या. गराजला लागून राहणारं घर कोणाचं आहे ते बघा आणि ही अट त्यांनाही वाचायला द्या.