‘कर्नेल’साठी मराठीत सगळीकडे एकच शब्द चालेल का?

शब्दवेध (मूळ लेखन)

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, तेव्हापासून मराठी तांत्रिक पुस्तकांचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. अशा पुस्तकांत ‘कर्नेल’ या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘गाभा’ लिहावे, असे वारंवार सुचवले जाते. मला हे पटत नाही, कारण इंग्रजीत एकाच शब्दाखाली गोळा झालेल्या या संकल्पना मुळात वेगवेगळ्या आहेत आणि त्या आपण वेगळ्या ठेवल्या नाहीत तर विद्यार्थ्याचा गोंधळ उडेल.

आधी संगणकाचे उदाहरण घेतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स म्हणून जे प्रसिद्ध केले तो केवळ कर्नेल होता. मेमरीचे वाटप करणारा, चालू प्रोग्रामांना आळीपाळीने प्रोसेसरचा वेळ देणारा आणि हार्डवेअरशी थेट व्यवहार करण्याचा अधिकार स्वतःकडे राखणारा असा हा प्रोग्राम असतो. आता प्रोसेसरच्या आत ‘कोर’ असतात आणि कोणत्या कोरवर कोणते काम चालवायचे हे कर्नेलच ठरवतो. पृथ्वीच्या ‘कोर’ला आपण शाळेपासून गाभा म्हणत आलो आहोत, भूकवच, प्रावरण, गाभा ही त्रयी सर्वांना पाठ आहे. तोच शब्द संगणकात दोन्हीकडे वापरला, तर ‘गाभा आठ गाभ्यांवर कामे वाटून देतो’ असे वाक्य छापावे लागेल.

बीजगणितात तर अर्थच उलटा होतो. रेषीय रूपांतरणाचा कर्नेल म्हणजे ज्या सदिशांचे शून्य होते त्यांचा संच. प्रतलावरील प्रत्येक बिंदूचा केवळ क्ष-निर्देशक ठेवून य-निर्देशक टाकून दिला, तर संपूर्ण य-अक्ष हा त्या रूपांतरणाचा कर्नेल ठरतो. जे पुसले गेले त्याला गाभा कसे म्हणावे? येथे ‘शून्यावकाश’ हा शब्द स्वच्छ आहे.

समरूपता

शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे. मी बीजगणित शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

‘शून्यावकाश’ सदिश अवकाशांपुरता ठीक आहे, पण कर्नेल गटसिद्धांतातही (एखाद्या क्रियेने बांधलेल्या संचांच्या अभ्यासात) असतो आणि तेथे शून्य असेलच असे नाही. व्यस्त असणाऱ्या चौरस सारण्यांचा गट घ्या आणि प्रत्येक सारणीला तिचा निश्चयक जोडा. कर्नेलमध्ये ज्यांची प्रतिमा अविकारक घटक (ज्यामुळे काही बदलत नाही तो) येते ते सारे घटक असतात. येथे गुणाकाराचा गट असल्यामुळे अविकारक घटक १ आहे, म्हणून कर्नेल म्हणजे निश्चयक १ असलेल्या सर्व सारण्या. त्यातील एकीचाही निश्चयक शून्य नाही. याला शून्यावकाश म्हटले तर विद्यार्थी नेमक्या चुकीच्या सारण्या शोधू लागेल.

दुसरे म्हणजे ‘जे पुसले गेले ते गाभा कसे’ हा प्रश्न वरवरचा आहे. दोन घटकांची प्रतिमा एकच येते ती ते घटक कर्नेलमधल्या एखाद्या घटकानेच एकमेकांपासून वेगळे असतील तेव्हाच. म्हणजे समरूपण (गटातली क्रिया जपणारी अशी जोडणी) कोणकोणत्या घटकांना एकत्र करते याची संपूर्ण माहिती त्या एका संचात साठवलेली आहे, आणि मूळ गटाला कर्नेलने भागले की प्रतिमेचीच रचना हाती येते. ज्याच्यावर बाकी सर्व अवलंबून आहे त्याला गाभा म्हणण्यात काय वावगे आहे?

गोंधळाच्या भीतीविषयीही बोलायला हवे. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये पेशीत ज्याला नाव दिले ते आणि रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या आत मांडले ते, या दोहोंना मराठीत केंद्रकच म्हणतात. आजवर कोणी पेशीच्या केंद्रकात प्रोटॉन मोजायला गेले नाही. विषय कोणता हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

बोंडू

मी वेंगुर्ल्याकडचा. काजू प्रक्रियेच्या धंद्यात हा इंग्रजी शब्द रोज कागदोपत्री येतो, पण कारखान्यात त्याला कोणी गाभा म्हणत नाही. तो काजूगर. निर्यातीच्या प्रतवारीत डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३२० अखंड पांढरे गर. डब्ल्यू-१८० मध्ये तेवढ्याच वजनात जेमतेम १८० बसतात, म्हणून तो मोठा आणि महाग. गर उभा दुभंगला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा, आणि भाव त्याप्रमाणे उतरतो.

मुद्दा असा की इंग्रजीत जेथे एक शब्द आहे तेथे मराठीने खाण्याच्या वस्तूंतच किती नावे ठेवली आहेत ते पाहा: काजूचा गर, कलिंगडाच्या बियांचा मगज, बिब्ब्याची गोडंबी, मक्याचा दाणा. याउलट ‘गाभा’ हा शब्द आपल्याकडे केळीच्या खांबाच्या आतल्या पांढऱ्या भागाला आहे. तो बी नव्हे, त्यातून काही रुजत नाही. मूळ इंग्रजी शब्द धान्याच्या दाण्यावरून आला असेल, तर गाभा त्याचा प्रतिशब्द कोणत्या आधारावर झाला?

मुक्तस्रोत

प्रतिशब्दाचा हट्टच कशाला? ‘कर्नेल’ असेच लिहावे. बस, टेबल, पेन यांसारखा तोही रुळेल. नोकरीला लागल्यावर मराठी माध्यमातील मुलाला दस्तऐवज इंग्रजीतच वाचायचे आहेत. पुस्तकात एक शब्द आणि कामावर दुसरा, हा भार त्याच्यावर का टाकायचा?

एक सूचना मात्र आहे. ‘कर्नल’ लिहू नये. इंग्रजीत लष्करातील हुद्दा आणि हा शब्द यांचा उच्चार एकच असला, तरी मराठीत ‘कर्नल’ म्हटले की सैन्यातील अधिकारीच डोळ्यांसमोर येतो.

शिवाय संगणकातही या शब्दाचा अर्थ एकच राहिलेला नाही. ग्राफिक्स प्रोसेसरवर एकाच वेळी हजारो धाग्यांत (थ्रेडमध्ये) चालवले जाणारे लहानसे फंक्शन हाही कर्नेल, आणि ज्युपायटर नोटबुक या प्रोग्राम लिहून लगेच चालवण्याच्या साधनामागे बसून तुमची पायथनची ओळ चालवणारी प्रक्रिया हाही कर्नेल. यांतील एकालाही हार्डवेअरवर विशेषाधिकार नाही. या प्रत्येकासाठी नवा शब्द घडवत बसणार का?

शब्दवेध

समरूपता, निश्चयकाचे उदाहरण निर्विवाद आहे. ‘शून्यावकाश’ मी रेषीय बीजगणितापुरताच ठेवतो. केंद्रकाचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही. पेशी आणि अणू एका पानावर क्वचितच भेटतात, पण कर्नेल आणि कोर ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक प्रकरणात शेजारी शेजारी येतात.

मुक्तस्रोत, प्रत्येक अर्थाला नवा शब्द हवा असे माझे म्हणणेच नाही. जे अर्थ एका कुळातले आहेत त्यांना एक शब्द हवा, आणि हे कूळ इंग्रजीच्या मागे गेल्याशिवाय दिसत नाही. हिल्बर्ट यांनी १९०४ मध्ये संकलन समीकरणांवर (इंटिग्रल इक्वेशन्सवर) लिहिताना संकलन चिन्हाच्या आत बसलेल्या दोन चलांच्या फलनाला जर्मनमध्ये ‘केर्न’ म्हटले. लाप्लास रूपांतरणातील घातांकी फलन त्याच अर्थाने कर्नेल आहे. रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि पार्झेन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या घनता-अनुमानातील (नमुन्यांवरून संभाव्यतेचे वितरण अंदाजण्यातील) कर्नेल याच घराण्यातला, आणि छायाचित्र धूसर करणारी तीन बाय तीनची चौकटही याच घराण्यातली. त्या चौकटीत नऊही जागी एक-नवमांश लिहिलेले असते. ती एका बिंदूवर ठेवायची, तो बिंदू आणि भोवतालचे आठ यांच्या उजळपणाला नवाने भागून बेरीज करायची, ती बेरीज त्या बिंदूची नवी किंमत म्हणून नोंदवायची आणि चौकट पुढे सरकवायची. प्रत्येक ठिकाणी हे फलन कोणत्या बिंदूला किती वजन द्यायचे ते सांगते. म्हणून या संपूर्ण कुळासाठी मी ‘भारक’ सुचवतो. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ‘कर्नेल’ राहू द्यावा, आणि धान्य-फळांसाठी बोंडू यांनी सांगितलेले शब्द आहेतच.

समरूपता

‘भारक’ विचार करण्याजोगा आहे, पण दोन अडचणी नोंदवते. कडा शोधणाऱ्या चौकटीत मध्ये ८ आणि भोवती आठही ठिकाणी उणे १ असते. बेरीज शून्य, त्यामुळे एकसारख्या रंगाच्या भागावर उत्तर शून्य येते आणि जेथे उजळपणा एकदम बदलतो तेथेच ते उमटते. येथे सरासरी काढलेली नाही, फरक मोजलेला आहे. उणे भार ही कल्पना विद्यार्थ्याला समजावून द्यावी लागेल.

दुसरी अडचण मोठी आहे. यंत्र-शिक्षणात १९९२ पासून वर्गीकरणासाठी वापरला जाणारा कर्नेल दोन नमुने घेतो आणि अधिक मितींच्या एखाद्या अवकाशात त्यांचा अंतर्गुणाकार (संगत घटकांच्या गुणाकारांची बेरीज) किती आला असता ते तेथे न जाताच सांगतो. मर्सर यांच्या १९०९ च्या प्रमेयामुळे त्याचे नाते तुमच्या संकलन समीकरणांशीच आहे, म्हणजे कूळ तेच. परंतु तो कशालाच भार देत नाही, तो साम्य मोजतो. तुमच्याच कुळाच्या नियमाने तेथेही ‘भारक’ लिहावे लागेल आणि तो अर्थ सांगणार नाही.

शब्दवेध

उणे भाराची अडचण मला मोठी वाटत नाही, कारण भौतिकशास्त्रात ऋण प्रभार शाळेतच शिकवतात. मर्सर यांचा मुद्दा खरा आहे. तेथे ‘साम्यफलन’ म्हणावे आणि संकलन समीकरणांशी असलेले नाते त्या प्रकरणाच्या आरंभी एका परिच्छेदात सांगावे, असे मला वाटते. ते नाते शब्दातूनच दिसले पाहिजे असा माझा आग्रह होता, तो या एका ठिकाणी मी सोडतो. गटसिद्धांतासाठी मात्र ‘गाभा’ अजूनही पटलेला नाही. ‘अष्टि’ हा हिंदी परिभाषेतील शब्द आपण वर्गात वापरून पाहिला आहे का, हे समजले तर चर्चा पुढे नेता येईल.